सोनाळ्याचा क्रीडाप्रेमी

लीगच्या चौकशीत मी खोटं बोललो. त्या खोट्यामुळे एका चांगल्या गोलकीपरवर आजन्म बंदी आली, आणि जे खरोखर विकले गेले होते ते कप उचलून घरी गेले. ही गोष्ट मी चार वर्षं कुणाला सांगितली नाही. आता त्या गोलकीपरचं नाव साफ व्हावं म्हणून लिहितो आहे. माझं नाव त्यात खराब होईल. ते आधीच खराब होतं, फक्त लोकांना ठाऊक नव्हतं.

मी आमच्या तालुक्याच्या गावी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गाव मला पीटीचे सर म्हणूनच ओळखतं. पण मैदानापेक्षा माझं जास्त नाव झालं ते माईकमुळे. प्रजासत्ताक दिन असो, कबड्डीचे सामने असोत, गणपतीचं बक्षीस वितरण असो, माईक माझ्याच हातात. आवाज चांगला होता. तो आपल्यालाच ऐकू येत राहावा असं मला वाटायचं, हेही आता कबूल करून टाकतो.

म्हणून एका प्लॉटिंगवाल्याने पैसे देऊन खेळाडू आणायची फुटबॉल लीग काढली, तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे आला. आठ संघ, आठ मालक. कुणी ठेकेदार, कुणी कृषी केंद्रवाला, कुणी पेट्रोल पंपवाला. खेळाडूंचा लिलाव मंगल कार्यालयात झाला. आदल्या दिवशीच्या लग्नाची झालर अजून स्टेजवर लटकत होती. तिच्याखाली पोरं छातीवर नंबर लावून एकेक उभी राहत होती आणि मी माईकवरून विचारत होतो, "चला, कोण बोलतंय पुढे?" एका मालकाने एका पोराला वळून दाखवायला सांगितलं. तो वळला. लोक हसले. मीही हसलो. बैलबाजारात निदान बैल लाथ तरी मारतो.

ज्याच्याबद्दल मी लिहितो आहे तो गोलकीपर त्या लिलावात सगळ्यात स्वस्त गेलेल्यांपैकी होता. धाड गावाजवळचा. घरी भाजीपाला, सकाळी बापाबरोबर मेथी, कोथिंबीर, वांगी काढायची आणि मग एसटीने सरावाला यायचं. शाळेत माझ्या हाताखाली शिकलेला. उंची बेताची, पण चेंडू पायावरून सुटायच्या आधी कुठे जाणार हे त्याला कळायचं. मी त्याला ते शिकवलेलं नव्हतं. त्याला ते आतूनच यायचं.

आता बक्षिसाबद्दल सांगायला हवं, कारण सगळी घाण तिथूनच आत आली.

आमच्याकडे कोणताही सामना बक्षिसाशिवाय होत नाही. कुस्ती असो की कबड्डी, प्रेक्षकांतून चिठ्ठी येते आणि माईकवाला वाचतो: अमुक गावचे अमुक अमुक पाटील यांच्याकडून पुढच्या पकडीला पाचशे एक रुपये. ज्याचं नाव वाचलं जातं तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहून हात जोडतो, आजूबाजूचे शिट्ट्या मारतात. बक्षीस खेळाडूला मिळतं, पण दिलेलं असतं नाव पुकारलं जावं म्हणून. नाव चुकलं तर माणूस भांडायला येतो. एकदा मी एकाच्या आजोबांचं नाव गाळलं तर त्याने पुढच्या दोन वर्षांत मला रामराम केला नाही.

लीगच्या दुसऱ्या सामन्यात माझ्या हातात चिठ्ठी आली: "एक क्रीडाप्रेमी, सोनाळा, यांच्याकडून पुढच्या गोलला एकवीसशे रुपये."

चिठ्ठ्या आणून देण्याचं काम आयोजकाचा मेहुणा करायचा. सामनाभर तो माझ्या मागच्या खुर्चीवर खर्रा चघळत आणि मोबाईल बघत बसलेला असायचा. मी मागे वळून म्हणालो, "नाव राहिलंय याच्यावर."

"नाव नाई सांगतलं त्यानं. वाचा तुमी."

"एकवीसशे रुपये देणारा नाव सांगत नाही?"

"सर, गुप्तदान समजा," तो म्हणाला आणि बाजूला थुंकला.

मी वाचलं. आठ मिनिटांत गोल झाला. आघाडीवर असलेल्या संघाच्या बचावपटूने पायात आलेला चेंडू समोरच्याला देऊन टाकल्यासारखा दिला. बक्षीस घ्यायला मी गोल करणाऱ्याला टेबलाजवळ बोलावलं, तर मेहुणा म्हणाला, "ते नंतर पाहू." ते कधीच पाहिलं गेलं नाही.

त्याच दिवशी मला कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं. सोनाळा संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. इतक्या लांबून फुटबॉल बघायला येणारा, एकवीसशे रुपये देणारा आणि नाव न सांगणारा माणूस आमच्या जिल्ह्यात जन्मलेला नाही. पुढच्या सामन्यात तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्यातही. कधी एकवीसशे, कधी एकतीसशे. आणि प्रत्येक वेळी चिठ्ठी वाचून झाली की थोड्या वेळात कुणाचा तरी पाय घसरायचा, कुणीतरी गोलासमोरच्या डी मध्ये चेंडूला हात लावायचं.

हे सगळं कसं चालायचं ते मला पुढे तुकड्या-तुकड्याने कळलं. सामने मोबाईलवर थेट दाखवले जायचे आणि कुठल्या कुठल्या शहरांत बसलेले लोक त्यावर पैसे लावायचे. किती पैसे कोणत्या बाजूला आले हे बघून गोल कधी द्यायचा ते ऐन वेळी ठरायचं. पण खेळाडूंना ते सांगायचं कसं? आयोजकाने सगळ्यांचे मोबाईल सामन्याआधी एका पोत्यात जमा करून घ्यायची पद्धत पाडली होती. मीच ते माईकवरून अभिमानाने सांगायचो: आपल्या लीगमध्ये बेइमानीला थारा नाही, बघा, सगळ्यांचे मोबाईल पोत्यात! लोक टाळ्या वाजवायचे. आणि मग त्याच माईकवरून, त्याच तोंडाने, मी सोनाळ्याच्या क्रीडाप्रेमीची चिठ्ठी वाचायचो. विकल्या गेलेल्या खेळाडूंना निरोप पोहोचवणारा मी होतो. मैदानभर लावलेल्या चार कर्ण्यांतून.

मला चौथ्या सामन्यापर्यंत शंका होती, त्यानंतर खात्री होती. तरी मी वाचत राहिलो. कुणी मला एक रुपया दिला नाही. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की पुढेपुढे ते एखाद्या सद्गुणासारखं वाटायला लागलं.

उपांत्य सामन्याच्या हाफटाइमला तो गोलकीपर माझ्या टेबलाजवळ आला. त्याचा संघ एका गोलने पुढे होता. सगळं मैदान बघत होतं, पोरं त्याच्या नावाने ओरडत होती. मेहुणा पाणी आणायला गेला होता. गोलकीपरने हातमोजे काढून काखेत धरले आणि हळूच विचारलं, "सर, तो सोनाळेवाला आज हाय का?"

मी म्हणालो, "कोण सोनाळेवाला?"

"आता काऊन येड घेऊन राह्यले सर? तुमी चिठ्ठी वाचली की आमचा कॅप्टन लंगडाले लागते. मी तीन म्याचपासून पाहून राह्यलो."

"तू तुझ्या गोलात उभा राहा. बाकीचं बघायला माणसं आहेत."

"ते माणसंच तर हायेत सर," तो म्हणाला. मग थोडं हसून म्हणाला, "वाचा तुमी. मले बरंच हाय. कधी तयार राहाचं ते समजते."

तो गेला. आमच्यात एवढंच बोलणं झालं. त्याने मला काही दिलं नाही, मी त्याच्याकडून काही घेतलं नाही. हे नीट लक्षात ठेवा.

सामना संपायला वीसेक मिनिटं असताना चिठ्ठी आली. एकतीसशे. मी वाचली. वाचताना गोलाकडे बघितलं. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकला होता आणि चेंडूकडे नाही, स्वतःच्या कॅप्टनकडे बघत होता. चार-पाच मिनिटांत कॅप्टनने समोरच्या पोराला मागून धरून पाडलं, तेही डी मध्ये. पेनल्टी. कॅप्टन पंचाशी खोटं भांडला, डोक्याला हात लावला, सगळं नाटक व्यवस्थित केलं. गोलकीपरने पेनल्टी डाव्या हाताने बाहेर काढली. पाठोपाठ कॉर्नर आला. कॅप्टन जागचा हलला नाही आणि गोलकीपरने एकट्याने तिघांच्या डोक्यांवरून चेंडू ठोसून लावला. शेवटची दहा मिनिटं तो अकरा जणांविरुद्ध आणि आपल्यातल्या विकल्या गेलेल्या तिघांविरुद्ध खेळला. सामना त्याच्या संघाने जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. माझ्या मागे मेहुण्याने मोबाईल खुर्चीवर आपटला आणि आईवरून एक शिवी दिली, ती माईकमध्ये गेली आणि लोकांना वाटलं आनंदाने दिली.

कुठेतरी मोठा पैसा बुडाला. बुडालेले एकमेकांवर उठले आणि तिसऱ्या दिवशी गावभर कुणा दोघांच्या फोनवरच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग फिरायला लागलं. त्यात "चिठ्ठी" हा शब्द होता. पेपरात बातमी आली. आयोजकाने लगेच चौकशी समिती नेमली. समितीत तिघं: एक संघमालक, एक आयोजकाचा वकील मित्र आणि एक निवृत्त अधिकारी, जे प्रत्येक समितीत असतात.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी आयोजक माझ्या घरी आला. पाया पडला. बायकोने चहा दिला तो अर्धा पिऊन म्हणाला, "सर, फायनलले तुमाले जीवनगौरव द्याचं ठरलं. मोठे पाहुणे येऊन राह्यले. तीस वर्षं तालुक्याची सेवा केली तुमी, कोणी विचारलं का? मी विचारतो."

त्याने उरलेला चहा बाजूला सरकवला.

"फक्त हे झेंगट निस्तरलं पाह्यजे. चिठ्ठी तर तुमीच वाचली. आवाज तुमचाच हाय सर, साऱ्या मोबाईलमधी हाय." हे तो अगदी काळजीने बोलला. "तो धाडचा पोट्टा हाफटाइमले तुमच्या टेबलाजवळ आलता ना?"

"आला होता."

"साऱ्यायनं पाह्यलं. मंग झालं तर. चिठ्ठी त्यानंच देल्ली असन."

"ज्याने पेनल्टी अडवली तो कशाला देईल?"

"जास्त पैशासाठी पलटला म्हणू. लोकायले काय, पटते." आणि उठता उठता: "तुमी फक्त खरं तेच सांगा. तो आला होता का? आला होता."

दुसऱ्या दिवशी समितीने विचारलं, शेवटची चिठ्ठी कुणी दिली? मी म्हणालो, "हाफटाइमला गोलकीपर टेबलाजवळ आला होता." अधिकारी म्हणाले, "म्हणजे त्यांनी दिली?" मला नाही म्हणायला एक क्षण होता. मी म्हणालो, "हो."

एकच शब्द. माईकही नव्हता.

तो बाहेर व्हरांड्यात बसला होता. निर्णय त्याला दहा मिनिटांत वाचून दाखवला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरचे कागद नीट करत होतो. कागद माझे नव्हते.

फायनलमध्ये त्याच्या जागी दुसरा पोरगा उभा राहिला. विकल्या गेलेल्या कॅप्टनने कप उचलला. मला शाल आणि श्रीफळ मिळालं, मानपत्र वाचलं गेलं, त्यात "निष्कलंक" असा शब्द होता. मी भाषणही केलं. खेळात सचोटी कशी महत्त्वाची यावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आठवल्या की आजही मला तोंड धुवावंसं वाटतं.

घरी आलो तर बायकोने शालीला हात लावला नाही. तिने चहा देताना पडद्याआडून सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "पैसे घेतले असते तुम्ही, तर निदान समजलं तरी असतं." त्यानंतर ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि बोलायला लागली तेव्हा या विषयावर नाही.

दुसऱ्या वर्षी लीग झाली नाही. आयोजक प्लॉट विकतो, त्याचे फलक अजून मेहकर रस्त्याला आहेत. कॅप्टन म्हणे पुण्याकडे गेला. गोलकीपरला जानेफळकडच्या एका शाळेने मैदानावर पोरं शिकवायला ठेवायचं ठरवलं होतं, त्यांनी बातमी वाचून नकार कळवला. तो जीप चालवायला लागला. मी दोनदा रस्त्यात त्याची जीप येताना पाहिली आणि दुकानात शिरलो.

असंच चाललं असतं. पण या हिवाळ्यात मी एका कामाने धाडला गेलो. बाजाराचा दिवस होता. मेथी दिसली म्हणून थांबलो आणि वर बघितलं तर जुड्या मांडून त्याचा बाप बसलेला. माझ्या आधी दोन माणसं उभी होती. त्यातला एक जुडी हातात तोलत म्हणाला, "कितीले देता काका?"

"वीसच्या दोन."

"भाव बराबर सांगा बरं. का हेबी फिक्स हाय?"

दुसरा दात काढून म्हणाला, "त्याईच्या घरी समदं फिक्सच राह्यते बे. चिठ्ठी पाठवा लागते."

बापाने दोन जुड्या पिशवीत टाकल्या, पैसे घेतले. रोजचं असावं. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तो एकदम उठून उभा राहिला. "सर! या, या ना. बसा." स्वतःचं बसायचं पोतं झटकून माझ्यापुढे केलं.

मी उभाच राहिलो. म्हणालो, "कसे आहात?"

"हाय बरं. तुमचे उपकार हायेत सर."

"माझे कसले?"

"आमाले सांगतलं ना त्या लीगवाल्यानं. सर मधात पडले म्हणून पोट्टा वाचला, नाईतर पोलिसात गेलं असतं म्हणे. चुकलं लेकरू. पण तुमी सांभाळून घेतलं."

त्याने माझ्या पिशवीत मेथीच्या चार जुड्या घातल्या आणि पैसे घेतले नाहीत. मी देत होतो, तो हात मागे ओढत होता. म्हणजे आयोजकाने बापाला असं सांगितलं होतं, आणि मुलाने चार वर्षांत खरं काय ते बापाला सांगितलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं ते मला तेव्हा कळलं नाही. एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि मला खरोखर ओकारी आली. खिडकीतून डोकं बाहेर काढावं लागलं. शेजारचा माणूस म्हणाला, "गाडी लागते का बाबा?" मी हो म्हणालो. तेही खोटंच.

त्याच महिन्यात माझ्या जुन्या शाळेत मुलींच्या फुटबॉल संघासाठी शिकवणारा हवा म्हणून अर्ज मागवले. त्याने अर्ज केला होता. शाळा समितीने मला मत विचारायला बोलावलं. मी गेलो आणि उभा राहून सगळं सांगितलं. इथे लिहिलंय ते सगळं.

मग सचिव म्हणाले, "सर, जाऊ द्या ना. आता कोण विचारते ते?"

मी म्हणालो, "तुम्हीच विचारलंत. त्याला घ्यायचं की नाही."

"तसं नाही सर. तुमच्या नावानं शाळेत फिरता चषक हाय. पोरी पारितोषिक घेतात. या वयात हे काढून काय भेटणार तुमाले?"

दुसरे एक सदस्य म्हणाले, "आणि बंदी तर कागदावर हायच ना. तुमी आता तोंडी काही बी सांगसान. म्हातारपणी माणसाले दया येते." आणि माझ्याकडे बघून इतके प्रेमाने हसले की मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. चार वर्षांपूर्वी माझं एक तोंडी "हो" पुरलं होतं.

तिथून मी सरळ जीप स्टँडवर गेलो. तो प्रवासी भरत होता. मला बघून त्याने जीपचा दरवाजा लावला आणि बाजूला आला. मी त्याला समितीत काय बोललो ते सांगितलं. माफी मागायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "ते राहू द्या. मले माहीत हाय तुमी काय केलं ते. मी तिथंच होतो."

"बापाला का नाही सांगितलंस?"

"त्याले एक तरी माणूस चांगला वाटू द्या मनलं." तो रस्त्याकडे बघत होता. "आन तो तुमच्या घरी आला असता भांडाले. म्हातारा माणूस. तुमीबी म्हातारे."

"मी आता सगळीकडे सांगतो. म्हणशील तिथे येऊन सांगतो."

"बोलू नका सर," तो म्हणाला. "तुमचं बोलणं पुऱ्या तालुक्यानं ऐकलं. आता लिहून द्या. सही करून. आन ते बाबाले मी वाचून दाखवीन, मंग पेपरात द्या."

मी घरी येऊन आठ दिवस लिहीत बसलो. काल कागद घेऊन पुन्हा स्टँडवर गेलो. तो जीपच्या पायरीवर बसून सगळं वाचत राहिला. बसायचं का, चहा घेता का, काही विचारलं नाही. जीप भरली, लोक आवाज द्यायला लागले तरी उठला नाही. चौकशीच्या भागात मी एके ठिकाणी लिहिलं होतं, "त्या परिस्थितीत मी नाइलाजाने हो म्हणालो." तिथे तो थांबला. खिशातून पेन काढलं आणि "त्या परिस्थितीत" आणि "नाइलाजाने" हे शब्द खोडले. मग पुन्हा वाचून बघितलं, कागद घडी करून खिशात ठेवले, आणि धाडच्या प्रवाशांना म्हणाला, "चला, बसा."